इमारतीकडे पाठ करून बसणारे भानुकाका

कॉलेज बघायला गेले की आमचे भानुकाका इमारतीकडे पाठ करून बसतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा त्यांना दाखवायच्या नाहीत. कँटीन कुठे आहे तेवढं सांगायचं.

उमापुरात बारावीचा निकाल लागला की पोरं त्यांच्याकडे येतात. मार्कांचं बोलायला मास्तर आहेत, फीचं बोलायला बाप. या पोराचं तिथे जमेल का, हे मात्र काकांचं खातं. पेरणीची घाई असली तरी ते एसटी धरून जातात आणि दिवसभर पोरं न्याहाळत बसतात. "अभ्यास कुठंबी व्हतो," म्हणतात. "माणसं हायेत का ते बघावं."

मला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळत होता. एक पुण्याकडचं, बडं. दुसरं इकडचंच, मराठवाड्यातलं. वडिलांचं मन पुण्यावर होतं, माझंही. तरी काकांना न विचारता ठरवणं घरात बसत नव्हतं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ.

पुण्याला फाटकावर रखवालदाराने अडवलं. काका म्हणाले, जागा बघायला आलोय. त्याने त्यांना प्लॉटवाला समजून शेजारच्या मोकळ्या माळाची वाट दाखवली. शेवटी कँटीनमध्ये पोचलो. हिरवळ काय, रंगीत खुर्च्या काय, मी हरखून गेले. काका मात्र कोपऱ्यातल्या एका मुलीकडे बघत होते. ती एकटी जेवत होती. शेजारून घोळके गेले, कुणी थांबलं नाही. ती उठून जाईपर्यंत काकांनी चहाला तोंड लावलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी पंख्याचा नुसता आवाज येत होता, वारा नव्हता. काकांनी मुद्दाम मला एकटीला बसवलं आणि स्वतः लांब जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने दोन मुली ताटं घेऊन माझ्यासमोर आल्या, बसू का म्हणाल्या, आणि बसल्याही.

घरी आल्यावर काकांनी निकाल दिला. वडील चिडले. पुण्याचं नाव केवढं मोठं, म्हणाले. मग काकांवर घसरले: तुला अभ्यास झेपला नाही म्हणून तू कॉलेज सोडून आलास, तुला काय कळतंय. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. काकाही एरवी त्यावर हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

"अभ्यास झेपत व्हता, दादा," ते म्हणाले. "मेसात रोज भितीकडं तोंड करून जेवायचो. कुणी नावसुदिक इचारलं न्हाई. दिवाळीला आलो, मग जावंच वाटंना. हे घरी कसं सांगायचं? म्हून अभ्यासाचं सांगितलं."

वडिलांनी पुण्याच्या कॉलेजचे कागद घडी घालून बाजूला ठेवले. मग मला म्हणाले, काका म्हणतो तिथंच जा.

मला सोडायला काकाच आले. माझ्या खोलीतल्या मुलींनी त्यांना आग्रहाने कँटीनमध्ये नेलं. काकांनी टोपी मांडीवर ठेवली आणि बोलायला लागले. बैल कसा रुसतो, त्याची समजूत कशी काढायची. आणखी पोरं आली, खुर्च्या ओढून भोवती बसली. एकाने त्यांना नाव विचारलं. काकांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका सगळं सांगितलं.

ऊन उतरलं. मी हळूच म्हटलं, काका, गावाकडची गेवराईची गाडी निघून जाईल.

"जाऊ दे की," काका म्हणाले, आणि कुणीतरी पुढे केलेल्या डब्यातली भाकरी मोडून घेतली. "दुसरी येतीच."