काळीज नसलेलं करडू

एका जंगलात, मुलांनो, सगळे जण रडत होते.

घाबरू नका. कुणी मेलं नव्हतं. वणवा लागला नव्हता, पूर आला नव्हता, परीक्षेचा निकालही लागला नव्हता. सगळे अगदी मजेत रडत होते. अस्वल मध चाटता चाटता रडत होतं. मोर नाचता नाचता मध्येच थांबून डोळे पुसत होता. हत्तीनं नुसतं नाक ओढलं तरी उताराला राहणाऱ्या मुंग्या सामानाची बांधाबांध करायला लागत.

याला कारण एक व्हिडिओ गेम.

माकडांनी तो बनवला होता. नाव होतं ‘झिपरू घरी चालला’. झिपरू म्हणजे एक करडू. करडू म्हणजे शेळीचं पिल्लू. हे शहरातल्या मुलांसाठी सांगतोय, बाकीच्यांनी उगाच हसू नये. तर या झिपरूची आई आंधळी. तिला सांभाळत त्यानं डोंगरापलीकडच्या घरी जायचं. वाटेत काटे, वाटेत थंडी, वाटेत बासरी. आपण बटणं दाबून त्याला चालवायचं आणि रडायचं. झाला खेळ.

पूर्वी जंगलात कुणी भेटलं की विचारायचं, "जेवलात का?" आता विचारू लागले, "रडलात का?"

"रडलो की! काट्यांपाशी."

"काट्यांपाशी? इतक्या उशिरा? मी तर नाव वाचूनच रडलो."

कोल्हा वर्तमानपत्रात लिहीत असे. पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं, ‘काळजाला हात घालणारा खेळ’. दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘काळीज पिळवटून टाकणारा खेळ’. तिसऱ्या दिवशी काळजाचं आणखी काय करावं ते त्याला सुचेना. मग त्यानं नुसतंच ‘काळीज’ असं लिहिलं आणि खाली सही केली. त्या दिवशी अंक हातोहात खपला.

न रडणाऱ्याची मात्र पंचाईत होऊ लागली. एका घुबडाला रडू आलं नाही, तर त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडचे म्हणाले, "डोळे एवढे मोठे आणि पाणी थेंबभर नाही! आमच्या मुलीचं कसं व्हायचं?"

आणखी एकीला रडू येत नव्हतं. तिचं नाव टिचकी. ही बांडी शेळीची मुलगी. म्हणजे चांगलं हाडामांसाचं, चार पायांचं, भूक लागणारं करडू.

"अगं, तुझ्यासारखंच लेकरू आहे ते," बांडी पडद्यावरची नजर न काढता म्हणायची. "तुला काहीच वाटत नाही?"

"आई, मला भूक लागलीय."

"थांब गं जरा. झिपरूनं सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

टिचकी थांबायची. थांबून थांबून कंटाळली की कुंपणाचा पाला ओरबाडून खायची.

एके दिवशी दार वाजलं. दारात दाजीबा लांडगा उभा. डोळे सुजलेले, मिशा ओल्याचिंब, नाकातून सूं सूं चाललेलं.

एरवी लांडगा दारात आला असता तर बांडीनं खिडकीतून उडी टाकली असती. पण तिनं त्याचे डोळे पाहिले आणि ती विरघळली.

"अगंबाई, भावजी! किती हो रडताय! कुठे आलाय तुमचा झिपरू?"

"पुलावर अडकलाय, वहिनी," लांडगा हुंदका देत म्हणाला. "आमचे पंजे हे एवढे. बटणं ही एवढीशी. तुमची टिचकी द्याल का थोडा वेळ? तिचे खूर कसे बेतशीर आहेत."

"द्याल का म्हणजे काय! घेऊन जा की!"

"आई," टिचकी हळूच म्हणाली, "ते लांडगे आहेत."

"असं बोलू नये कुणाला. झिपरूसाठी जो एवढा रडतो, तो तुला काय करणार आहे? जा. आणि जमलं तर तूही थोडं रडून घे."

आता तुम्ही ओरडाल, ‘ढोंगी लांडगा! ढोंगी लांडगा!’ ओरडू नका. तुम्हाला वाटतं सगळं आधीच कळतं. दाजीबा मुळीच ढोंगी नव्हता. त्याचं रडू खरं होतं. झिपरूच्या काळजीनं त्याला झोप लागत नव्हती. त्याची भूकही खरी होती आणि करडाला पाहून ती आणखी वाढली होती. दोन्ही एकाच वेळी असण्यात काही चुकतंय असं त्या बिचाऱ्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

गुहेत चूल पेटलेली होती. तवा चढवलेला होता. पाट्यावर हिरवंगार वाटण तयार होतं. लसूण, आलं, कोथिंबीर, भाजलेलं खोबरं. वास तर असा सुटला होता की शेळीच्या पोरीच्यासुद्धा तोंडाला पाणी सुटावं.

"काका, हे वाटण कशाला?"

"काळजासाठी," लांडगा म्हणाला. "कोवळं काळीज असावं, असं चुरचुर परतावं..." त्यानं जीभ चावली. टिचकीकडे बघून त्यानं चटकन मान वळवली. सभ्य लांडगा होता. "ते मागाहून बघू. आधी झिपरू."

आणि तो दारातच ठाण मांडून बसला.

टिचकीला सगळं कळलं. छातीत असं धडधडू लागलं की लांडग्याला ऐकू जाईल असं तिला वाटलं. तिला आई हवी होती. तिला पळायचं होतं आणि पळायला जागा नव्हती.

समोर पडद्यावर दोराचा पूल होता. पूल तुटायला आलेला. खाली खोल दरी. पुलावर झिपरू आणि त्याची आंधळी आई. वर अक्षरं आली होती : ‘पूल एकालाच पेलेल. कुणाला सोडाल? झिपरूला की आईला?’

"कालपासून इथंच बसलोय गं," लांडगा म्हणाला. "दोन्ही बटणांकडे बघतो आणि रडतो. तूच सांग, काय करायचं?"

खरी भीती पोटात घेऊन बसलेल्याला असल्या गोष्टींना फार वेळ लागत नाही. टिचकीनं खूर उचलला आणि ‘आई’ लिहिलेलं बटण दाबलं.

आई दरीत गेली. जाता जाता "बें" म्हणाली. बासरी वाजली.

"झालं, काका. पुढची पायरी आली."

लांडग्यानं गुहेच्या भिंतीवर डोकं आपटलं. तो जमिनीवर लोळला. त्यानं स्वतःचं शेपूट तोंडात कोंबून हंबरडा फोडला. तोही असा की पाट्यावरचं वाटण थरथरलं.

"आई गेली गं! आई गेली झिपरूची!"

"काका, ते चित्र होतं."

"चित्रातली आई काय आई नसते?"

"नसते," टिचकी म्हणाली. "माझी आई घरी आहे."

लांडगा ताडकन उठून बसला. एवढीशी पोर. आई दरीत ढकलली आणि डोळ्यांत टिपूस नाही! त्याचे केस उभे राहिले.

"अगं कार्टे, तुला काळीज आहे की नाही?"

टिचकीनं पाट्यावरच्या वाटणाकडे पाहिलं. तव्याकडे पाहिलं. मग लांडग्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"नाही, काका. जन्मापासूनच नाही. आईला विचारा हवं तर. ती रोज हेच म्हणते."

लांडग्यानं वाटणाकडे पाहिलं. एवढं निगुतीनं वाटलेलं वाटण, आणि पोरीत काळीजच नाही! "मांड्या तरी असतील," तो पुटपुटला आणि एक पाऊल पुढे आला.

टिचकीनं डोळे मिटून घेतले.

पण लांडगा जागच्या जागी थबकला. त्याच्या मनात एक भयंकर विचार आला होता. हे असलं कोरडं ठणठणीत करडू आपल्या पोटात गेलं तर? अंगी लागलं तर? उद्या झिपरू एकटाच घरी पोचेल, रिकामा गोठा बघेल, आणि आपल्याला रडूच आलं नाही तर? त्याला घाम फुटला.

"नीघ!" तो किंचाळला. "आत्ताच्या आत्ता नीघ माझ्या गुहेतून! तुला शिवायचीसुद्धा माझी इच्छा नाही. जा, आणि आधी थोडी माणुसकी शीक!"

टिचकी जी सुटली, ती वाऱ्यासारखी सुटली.

वाटेत तिला एक ससा भेटला. तो उलट्या दिशेनं धापा टाकत चालला होता. लांडग्याचा हंबरडा त्यानं ऐकला होता.

"दाजीबांची आई पडली ना पुलावरून?" तो डोळे टिपत म्हणाला. "मीही तिथंच कोसळलो होतो. अशा वेळी कुणीतरी जवळ असावं लागतं."

"जाऊ नकोस! त्यानं वाटण वाटून ठेवलंय!"

"तो तिकडे दुःखात आहे आणि तुला वाटण सुचतंय?" ससा म्हणाला. "किती कोरडी गं तू!"

तो गेला. दोघं गळ्यात गळे घालून खूप रडले म्हणतात. त्यानंतर लांडगा एकटाच रडला. जेवतानाही रडत होता. मीठ घालावं लागलं नाही.

इकडे टिचकी घरी पोचली. बांडी खेळातच होती. टिचकी धावत जाऊन तिच्या कुशीत शिरली आणि एवढा वेळ छातीत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती हमसून हमसून रडली. थांबेचना.

बांडीनं कितीतरी दिवसांत पहिल्यांदा खेळ थांबवला. तिनं लेकीचं तोंड वर केलं. डोळे पाहिले. तिचा स्वतःच्या नशिबावर विश्वास बसेना.

"रडलीस? माझी बाई रडली? कुठे गं, कुठे रडलीस?"

टिचकीला सगळं सांगायचं होतं. तवा, वाटण, काळीज, ससा. पण आई तिला घट्ट धरून होती. आई तिच्याकडेच बघत होती. ते सांगत बसले आणि आईनं सोडून दिलं तर?

"पुलापाशी," टिचकी म्हणाली.

बांडीनं तिला छातीशी कवटाळलं आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं. सगळे आले, टिचकीचे ओले गाल त्यांनी पाहिले आणि पोर अखेर वळणावर आली म्हणून पेढे वाटले.

तात्पर्य : मुलांनो, खेळात कुणी मेलं की न विसरता रडावं. न रडणारी मुलं जिवंत राहतात हे खरं, पण चार लोकांत त्यांच्याविषयी कुणी चांगलं बोलत नाही.