विमानातल्या कडीवाले सबनीसकाका

सबनीसकाका आमच्या घरी आले की आधी मला नाही, माझ्या कपाटांना भेटतात. दार उघडतात, लावतात, कान टेकवतात, पुन्हा उघडतात. आधी हॉलमधलं काचेचं कपाट, मग स्वयंपाकघरातली वरची चार. मी "बसा ना काका" म्हणेपर्यंत स्वारी बाथरूमच्या कडीपर्यंत पोचलेली असते. मग चहा घेता घेता निकाल सांगतात, "तिसऱ्याची कडी लागलीये असं तुला वाटतंय. लागलेली नाही."

हा माणूस चक्रम आहे असा मला पहिले सहा महिने संशय होता. नंतर खात्री झाली.

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. काका रिटायर्ड इंजिनिअर. विमानात आपल्या डोक्यावर सामान ठेवायचे कप्पे असतात ना, त्या कप्प्यांच्या कड्या बनवण्यात त्यांनी एकतीस वर्षं घालवली. पंख नाहीत, इंजिन नाही. कडी. मी एकदा उचलली जीभ लावली टाळ्याला आणि विचारलं, "काका, एका कडीला एकतीस वर्षं?"

"अगं नीता, सामान काय गुपचूप बसून राहतं का?" ते शांतपणे म्हणाले. "विमान हललं की बॅग आतून दाराला ढकलते. तेव्हा दार उघडता कामा नये. आणि उतरल्यावर एखाद्या आजीबाईंनी एका बोटानं उचललं की लगेच उघडलं पाहिजे. करून दाखव बरं."

मी कशाला करून दाखवू? मी मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर आहे. आमच्याकडे काही हलतच नाही.

पण काका ऐकतात होय? दुसऱ्या दिवशी दहा किलो आट्याची थैली घेऊन हजर. ती त्यांनी माझ्या तिसऱ्या कपाटात, दाराला टेकवून ठेवली. "हे आता लँडिंग," म्हणाले आणि दोन्ही हातांनी कपाट गदागदा हलवलं. कडी निघाली, आटा खाली, आट्यामागोमाग सासूबाईंनी पाठवलेली लोणच्याची बरणी. काकांनी फुटलेल्या बरणीकडे समाधानानं पाहिलं. "बघ. एखाद्याचं डोकं गेलं असतं." संध्याकाळी त्यांनी स्वतः नवी कडी बसवून दिली. खोटं कशाला बोलू, ती कडी आजवर आपोआप उघडलेली नाही. आमच्या ह्यांना तर ती मुद्दाम उघडायची म्हटली तरी उघडत नाही.

संक्रांतीला आमचं मराठी मंडळ बस करून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातं. त्या वर्षी बसमध्ये सीटच्या वर दारंवाले कप्पे होते. झालं. दिल्ली ते पानिपत सबनीसकाका एका कप्प्याच्या दाराला तळहात लावून उभे. सगळ्यांनी चेष्टा केली, सगळ्यात जास्त मी. स्मारकापाशी आम्ही हात जोडून उभे, आणि काका बसच्या ड्रायव्हरकडे स्क्रू-ड्रायव्हर मागतायत, "भाईसाहब, पेचकस मिलेगा?" येताना माझ्या लक्षात आलं, त्या कप्प्याच्या बरोब्बर खाली सुमनकाकू झोपल्या होत्या. त्यानंतर मी चेष्टा जरा कमी केली. बंद नाही केली.

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी, सरोजिनी नगरचं क्वार्टर, सकाळची चार्टर्ड बस, असं त्यांचं आयुष्य गेलं. गेली दोन वर्षं त्यांना विसरायला होतं. रिटायर झालो हेच त्या विसरल्या. सकाळी सव्वाआठला इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन ऑफिसला निघतात. एक दिवस काका आंघोळीला गेले असताना निघाल्या. चार तासांनी कुठल्यातरी मेट्रो स्टेशनच्या बाकावर सापडल्या. शेजारी एक लेडी कॉन्स्टेबल बसली होती, आणि काकू तिला लेट मार्कचे नियम समजावून सांगत होत्या.

त्या चार तासांत काकांनी एकाही कडीला हात लावला नाही. जिन्यात बसून होते.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढा आले. "अंकल, बाहर से ताला लगाओ. सिंपल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी कसली गप्प बसते? मीही अक्कल पाजळली. "काका, तुम्ही एवढे कड्यांमधले दर्दी. दाराला वरच्या बाजूला एक कडी ठोका ना, काकूंचा हात पोचणार नाही अशी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"एकतीस वर्षं मी सामान कोंडायच्या कड्या केल्या," ते म्हणाले. "ती सामान नाहीये."

मला इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

पण काळजी का तेवढ्यानं सुटते? पुढच्या पंधरवड्यात गार्डनं काकूंना दोनदा गेटवरून परत आणलं. गेटबाहेर काय ट्रॅफिक असतो ते मला ठाऊक. समोरच्या घरातून दिवसभर घासल्याचे, ठोकल्याचे आवाज. काका आमच्याकडे येईनात, माझी कपाटं बिनतपासणीची. शेवटी मीच गेले भांडायला. "काका, उद्या काही झालं म्हणजे?"

"ये, बरी आलीस. टेस्ट घ्यायची आहे," ते म्हणाले.

दाराला आतून एक पितळी दांडी होती. मी एका बोटानं खाली दाबली. स्वयंपाकघरात घंटी वाजली आणि कडी आपोआप, अगदी सावकाश सरकू लागली. वरच्या छोट्या काचेत एक हिरवी पट्टी तिच्याबरोबर पुढे येताना दिसत होती. पट्टी पूर्ण आली आणि दार उघडलं.

"म्हणजे उघडतंच की हे!" मी म्हटलं.

"उघडायलाच हवं. दार ओढून उघडलं नाही की माणसाला कळतं, आपल्याला कोंडलंय. पण उघडतंय असं दिसत राहिलं की माणूस थांबतो. ती थांबते. मी पाहिलंय."

"पण एवढा वेळ का?"

"चाळीस सेकंद." काका पायांकडे बघत म्हणाले, "मला बूट घालायला तेवढे लागतात. गुडघा वाकत नाही ना आता. आणि आंघोळ मी परत आल्यावर करतो. ते डिझाइनमध्येच धरलंय."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले होते. समोर घंटी वाजली. थोड्या वेळानं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या, इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. मागोमाग काका, भांग पाडलेला, बुटाच्या नाड्या बांधलेल्या. आम्ही तिघं लिफ्टमध्ये शिरलो.

काकूंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्हीही याच बसला?"

"हो. रोज."

"इतक्या सकाळी निघता. घरी कोणी नाही का तुमच्या?"

"आहे ना," काका म्हणाले. "तिच्याबरोबरच निघालोय."

मी तोंड फिरवून लिफ्टची बटणं बघत राहिले. डोळे भरून आले होते, आणि मला असं एरवी होत नाही. काकूंना उत्तर पटलं असावं. पदर सारखा करायला म्हणून त्यांनी पर्स काकांच्या हातात दिली, आणि गेट येईपर्यंत परत मागितली नाही.