स्वतःच्याच बाळाची आया

लग्न झालेल्या बाईने नवऱ्याच्या घरी राहावे, ही माझी अपेक्षा परदेशी नागरिक कार्यालयाला अवाजवी वाटली. नवरा या देशाचा, मी दुसऱ्या देशाची, आणि माझ्या कडेवर आमचा मुलगा, ज्याला सगळे गोळा म्हणतात. खिडकीमागच्या बाई अतिशय सौम्य होत्या. नाही म्हणताना त्या दर वेळी हसत.

"पत्नी-व्हिसा मिळेल की. आधी वर्षभर पतीसोबत इथे राहिल्याचा पुरावा आणा."

"पण व्हिसाशिवाय राहू कशी?"

"राहायचंच नाही. तो गुन्हा आहे."

"मग पाहुणी म्हणून?"

"पाहुणीला परत जायची ओढ असावी लागते. नवरा इथे, मूल इथे. तुम्ही कशाला परत जाल?"

नवऱ्याने भाबडेपणाने विचारलं, "आम्ही भांडलो तर?" बाईंनी त्यावर गांभीर्याने विचार केला. पण भांडणारं जोडपं खरं मानतात, म्हणजे गाडी पुन्हा पत्नी-व्हिसावरच येत होती.

एवढ्यात गोळा शिंकला.

"हे बाळ इथलं नागरिक?"

"जन्मापासून."

"मग इतका वेळ काय बोलत बसलोय आपण? नागरिकाला आया लागते. आयेचा व्हिसा लगेच मिळतो."

फोनवर हे ऐकून माझी आई म्हणाली, "आया व्हायला एवढ्या लांब कशाला गं जायचं? ते तर इथेही फुकट जमलं असतं."

कायदा असा, की जागा आधी स्थानिकांना देऊ करायची. नवऱ्याने जाहिरात दिली. कामाचं वर्णन मी खरंखरं लिहिलं. एकच उमेदवार आली, धिप्पाड आणि अनुभवी.

"रात्री कोण उठतं?"

"मीच."

"बदलीला कोण?"

"कोणी नाही."

"आजारी पडलात तर?"

"पडत नाही."

तिने पर्स उचलली. "अशा जागी माणसं ठेवत नाहीत, बाई. कुठेतरी तक्रार करा."

माझी निवड बिनविरोध झाली.

करारात ठरलेले तास, रविवारची सुट्टी, स्वतंत्र खोली आणि दुपारचा चहा, तोही बसून. वाचून मी हसले, नवरा हसला. करार पाळला जातो का ते बघायला येणारे सरकारी निरीक्षक हसले नाहीत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला संध्याकाळी लंगोट बदलताना पकडलं.

"तुमची वेळ संपली ना?"

"हो, पण तो ओला होता."

"मालक कुठे आहेत?"

मालक सोफ्यावर आडवे होते. सेविकेचं शोषण केल्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली. पुन्हा सापडले तर आया मायदेशी रवाना.

त्या रात्रीपासून नवरा उठू लागला. त्याचे डोळे खोल गेले, पण गोळा त्याच्या खांद्यावर झोपायला शिकला. सुनेला कधी पाणी न विचारलेल्या सासूबाई आयेला कपबशीत चहा आणून देऊ लागल्या. वर हळूच विचारत, "वेळेवर दिला, असं सांगशील ना गं त्यांना?"

रविवारी गोळा भिंतीपलीकडे रडायचा. मी दाराला कान लावून उभी. शेवटी चोरपावलांनी जाऊन त्याच्या मानेच्या वळीत नाक खुपसायची. तो नियमभंग आमच्या दोघांतच राहिला. गोळ्याने एकदाही तक्रार केली नाही.

असं वर्ष सरलं आणि एकत्र राहिल्याचा पुरावा आपोआप तयार झाला. निरीक्षक फुलं घेऊन आले. "अभिनंदन. पत्नी-व्हिसा मंजूर. फक्त सही करा."

"रविवारची सुट्टी?"

"ती आयेला असते."

"रात्री कोण उठणार?"

"तो आता तुमचा घरगुती प्रश्न."

"तुम्ही येत राहाल ना?"

"कशाला?" ते मायेने म्हणाले. "पत्नीचं शोषण आमच्या खात्यात येत नाही."

नवऱ्याने खिशातलं पेन पुढे केलं. इतका चपळ तो वर्षभरात कधी दिसला नव्हता.

मी विचार करायला रविवार मागून घेतला. तोच हा रविवार. पलीकडे नवरा बेसूर अंगाई म्हणतोय आणि गोळा खिदळतोय. सही तर करावी लागेलच. या दोघांना सोडून कुठे जाऊ? पेन हातात आहे, तोवर हे लिहून घेतेय.

तुम्ही हसत असाल. हसा. फक्त तुमच्या घरात जी आहे, ती कोणत्या व्हिसावर आहे, एवढं तिला विचारा. घाई नाही. तिच्या सुट्टीच्या दिवशी विचारा.