चंद्रीचा नाताळ

"फादर, यंदा गोठा दुसऱ्या कुणाकडनं तरी करून घ्या. आम्ही नाताळला गोव्याला निघालोय."

हे एवढं वाक्य इनास रॉड्रिग्जनं आठवडाभर लेथ मशिनसमोर उभं राहून घोकलं होतं. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तो टर्नर होता. त्याची बायको रुजाय लग्न होऊन कोल्हापुरात आल्यापासून दर डिसेंबरात एकच इच्छा बोलून दाखवायची. एक तरी नाताळ माहेरी, समुद्राकाठच्या घरात, आईच्या हातच्या नेवऱ्या, म्हणजे गोव्याच्या करंज्या, खात काढायचा. इनासची इच्छा त्याहून साधी होती. त्याला सासूबाईंच्या ओसरीवर पाय पसरून बसायचं होतं आणि काहीही करायचं नव्हतं. पण चर्चच्या अंगणात येशूजन्माचा गोठा उभा करायचं काम दरवर्षी त्याच्याच गळ्यात पडायचं. बांबू, गवत, चांदणी, मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे, सगळे आपापल्या जागी उभे राहीपर्यंत गोव्याची गाडी निघून गेलेली असायची.

फादर लिगोरी मूळचे वसईचे, पण मराठी मात्र पाठ्यपुस्तकातलं बोलायचे. "अवश्य जा, इनास," ते म्हणाले. "गोठ्याविनाही नाताळ साजरा होईल." आणि त्यांनी असा काही सुस्कारा सोडला, की इनासच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "तसं न्हवं फादर. बावीस तारखेला उभा करून देतो की. चोवीसला सकाळची गाडी हाय आमची."

सुस्कारा हे फादरांचं मुख्य हत्यार होतं.

बावीस तारखेला माळ्यावरून मूर्ती उतरवताना गाय हातातून निसटली आणि तिचे तुकडे झाले. मातीची असली तरी गाय ती गाय. गोठ्यात गुरूच नसेल तर तो गोठा कसला? इनास ते तुकडे जुळवत बसला असताना जोतीराम गवळी फादरांचं दूध घालायला आला. रोज संध्याकाळी आपल्या गल्लीच्या तोंडाला म्हशी बांधून गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला पेला हातात द्यायचा, हा त्याचा धंदा.

"मातीची गाय कशाला पायजे?" जोतीराम म्हणाला. "जित्तं जनावर देतो की!"

"गाय हाय तुझ्याकडं?"

"गाय न्हाय. म्हस हाय. चंद्री. लई गरीब."

"आरं, येशूच्या गोठ्यात म्हस नव्हती."

"तू गेलतास काय बघायला?"

इनासनं फादरांकडं पाहिलं. फादरांनी क्षणभर डोळे मिटून सगळं शुभवर्तमान मनातल्या मनात चाळलं. "म्हैस नव्हती, असे कोठेही लिहिलेले नाही," ते म्हणाले.

अशा रीतीनं चंद्री गोठ्यात आली. आल्या आल्या तिनं योसेफच्या डोक्यावरचं छप्पर खाल्लं. तीन राजांपैकी एकाला शिंगानं बाजूला सारून ऐसपैस जागा केली, आणि मग मरियेच्या शेजारी अशी काही बसली, की बघणाऱ्याला वाटावं, घर हिचंच आहे, बाकीचे पाहुणे आलेत.

अडचण संध्याकाळी आली. जोतीरामची गिऱ्हाइकं आपापले पेले घेऊन चंद्रीच्या मागावर चर्चच्या अंगणात येऊन उभी राहिली. त्यात शेजारच्या तालमीतले पैलवानही होते. जोतीरामनं बादली मांडीत धरली. पण डोक्यावर चांदणीतले दिवे उघडझाप करत होते. चंद्री बिथरली आणि तिनं दूध चोरलं. जोतीरामनं पाठीवर थाप मारली, पेंड दाखवली, तिच्या आईवरून शिव्या दिल्या. थेंब नाही.

इनास तेव्हा शिडीवर चढून चांदणी बांधत होता. काम करताना गुणगुणायची त्याला सवय. त्याच्या आईनं त्याला बाळ येशूचं एक कोकणी अंगाईगीत शिकवलं होतं, तेच तो म्हणत होता. तिसऱ्या ओळीला चंद्रीनं कान पाडले. चौथ्या ओळीला डोळे मिटून रवंथ सुरू केलं. आणि खालून जोतीराम ओरडला, "पान्हावली! इनास, थांबू नगंस! म्हण, म्हण!"

बादली भरेपर्यंत इनास शिडीवरून गात राहिला. पैलवानांनी पेले रिकामे केले, मिशा पुसल्या आणि सांगितलं, की अशी चव आजवर लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जोतीराम इनासच्या दारात. "चल."

"कुठं?"

"गायला. गाण्याबिगर म्हस कासेला हात लावू दीना."

रुजाय बॅगा भरत होती. तिनं मान वर करून विचारलं, "कोणाक गाणं?"

"म्हशीला, वैनी."

रुजायनं इनासचा चांगला शर्ट बॅगेत जरा जोरातच कोंबला.

त्या दिवशी चर्चच्या अंगणात नुसती जत्रा. येशूच्या गोठ्यातली म्हैस गाण्यावर दूध देते, ही बातमी पार गडमुडशिंगीपर्यंत पोचली होती. जोतीरामची बायको धोंडुबाई झबलं-टोपडं घेऊन आली आणि रिकामी गव्हाण बघून हबकली.

"बाळ कुठाय?"

"बाळ पंचवीस तारखेला येणार," इनासनं समजावलं.

"आन् ही माय आत्तापास्नं गुडघ्यावर? दिवस भरल्याली बाई, तिला जरा टेकू द्या की!" असं म्हणून धोंडुबाईनं मरियेच्या पाठीशी स्वतःच्या घरची उशी लावली. फादरांनी ती तशीच राहू दिली.

आता प्रश्न होता तो गोव्याच्या गाडीचा. जोतीरामनं तोड काढली. त्यानं मेहुण्याचा टेपरेकॉर्डर आणला आणि इनासचं गाणं कॅसेटवर भरून घेतलं. संध्याकाळी टेप गव्हाणीशेजारी ठेवून लावला. पण सेल उतरलेले होते. इनासचा आवाज असा घोगरा आणि लांबट निघाला, की ते अंगाईगीत न वाटता कुणीतरी विहिरीतून मदतीला हाका मारतंय असं वाटलं. चंद्रीनं थोडा वेळ ऐकून घेतलं, आणि मग मागच्या पायानं टेपरेकॉर्डर थेट मेंढपाळांच्या कळपात धाडला.

"ते काय बी असू दे," इनास म्हणाला. "उद्या आम्ही जाणार म्हंजे जाणार."

आणि चोवीस तारखेला सकाळी ती दोघं खरोखरच एसटीत बसली. खिडकीची जागा. रुजायनं माळलेला गजरा. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आणि करकचून थांबली. समोर लुना आडवी घालून जोतीराम उभा होता, आणि त्याच्या मागं चार पैलवान.

"त्येला उतरवा!" जोतीराम ओरडला. "म्हस दूध दीना!"

कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "म्हशीचा आन् ह्या पावण्याचा संबंध काय?"

"ह्यो गायला की देती!"

दुसऱ्या कुठल्या गावचा कंडक्टर असता तर त्यानं गाडी पुढं काढायला लावली असती. पण हा कोल्हापूरचा होता. तो चेहरा गंभीर करून आत आला. "कवापास्नं धार काढली न्हाय?"

"काल सकाळपास्नं," एका पैलवानानं खिडकीतून सांगितलं.

साऱ्या गाडीत हळहळ पसरली. मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून उभी राहिली. "आरं, सड फुटतील की बिचारीचं! असला कसला रं तू माणूस? मुक्या जनावराला तसंच सोडून गोव्याला निघालास व्हय? मजा करायला?"

"मी तिकीट काढलंय!" इनास म्हणाला.

"आम्ही काय फुकट बसलोय काय?" दुसरा कुणीतरी म्हणाला. गाडीचं मत पूर्णपणे म्हशीच्या बाजूनं पडलं. कंडक्टरनं स्वतः त्यांच्या बॅगा खाली उतरवून दिल्या. "उतरा पावणं. दुधाची नासाडी बरी न्हवं."

रुजाय उतरली. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं इनासला वाटलं. ती सरळ समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली आणि तिनं गोव्याला, आईच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला.

"मांय, आमी येत नाही," ती म्हणाली. मग सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रुजायला वाटलं, आई रडतेय. मग आईनं विचारलं, "म्हस काळी काय भुरी?"

"काळी. कित्याक?"

फोन कट झाला होता.

नाताळची मोठी प्रार्थना पंचवीसला सकाळी होती. गर्दी एवढी, की फादरांनी बाहेर अंगणात कर्णा लावला होता. रुजाय बायकांच्या बाजूला भिंतीकडं तोंड करून बसली होती. आदल्या दिवशी दोन्ही वेळा चंद्रीसमोर गाऊन आलेला इनास गाणाऱ्यांमध्ये उभा होता. बाळ येशूची मूर्ती दर्शनाला ठेवली, भाविक चुंबन घ्यायला रांगेनं पुढं निघाले, आणि प्रथेप्रमाणं गाणाऱ्यांनी अंगाईगीत धरलं. तेच ते. दरवर्षी ह्या वेळी तेच म्हणायचे. इनासच्या डोक्यात दुसरं काही येण्याचं कारणच नव्हतं.

चौथ्या ओळीला चर्चचं दार धाडकन उघडलं. दारात जोतीराम, हातात चपला.

"फादर! कर्ण्यावरचं गाणं ऐकून म्हस पान्हावली! आन् बादली घरात हाय!"

गाणारे गप्प झाले. पेटीवाला थांबला. बाहेरून चंद्रीनं एक लांब, दुखावलेला हंबरडा फोडला.

फादर लिगोरींनी वेदीवरून हात वर केला. इनासला वाटलं, आता आपल्याला चर्चबाहेर काढणार. "कोणीही हलू नये," फादर म्हणाले. "गायन थांबवू नका! थांबलात तर ती पुन्हा दूध चोरेल. जोतीराम, मागे कॉफीचे पातेले आहे, ते घे."

गाणं पुन्हा सुरू झालं. चुंबनाची रांग संपली तरी गाणं संपवता येईना. मग ज्यांचं दर्शन झालं होतं ते पुन्हा रांगेला लागले. दारात उभा राहून एक पैलवान अंगणातली खबर हातानं आत कळवत होता. अर्धं पातेलं. पाऊण. इनासचा आवाज बसायला आला, तसे फादर स्वतःच गायला लागले. त्यांच्या उंच सुरानं चंद्रीनं शेपटी आपटल्याचं पैलवानानं खुणेनं कळवलं, तेव्हा ते लगेच गप्प बसले. शेवटी पैलवानानं दोन्ही हात जोडून नमस्कार केला. पातेलं भरलं होतं. अख्ख्या चर्चनं सुटकेचा "आमेन" असा म्हटला, की जोतीरामही बाहेरून "आमेन" म्हणाला. भिंतीकडं तोंड करून बसलेल्या रुजायचे खांदे हलत होते. ती हसत होती.

कॉफी वाटून होतेय तोच अंगणात एक ट्रॅक्स जीप येऊन थांबली. तिच्यातून सासूबाई उतरल्या. त्यांच्यामागं रुजायचा भाऊ, भावजय, पोरं आणि नेवऱ्यांचा डबा. सासूबाई कुणाशी न बोलता सरळ गोठ्याकडं गेल्या आणि चंद्रीसमोर उभ्या राहिल्या.

"मांय, तुमी कशाक आयलीं?" इनासनं विचारलं. "मीच तुमकां घेऊन परत गोव्याला येतो की, ह्याच गाडीनं!"

"गोंयांत कितें आसा?" सासूबाई म्हणाल्या. "दर्यो. सगळो जल्म दर्यो पळयला."

मग कॉफी पीत त्यांनी सांगितलं. त्यांचा नवरा जहाजावर होता. त्यानं सगळं जग पाहिलं, दर नाताळला कुठल्या तरी बंदरातून चित्राचं कार्ड पाठवलं, पण बायकोला कधी बेळगावच्या पुढं आणलं नाही. त्या ओसरीवर बसून समुद्राकडं बघत राहिल्या. आयुष्यभर एक इच्छा होती, कोल्हापूर बघायचं. रंकाळा, पन्हाळा, जोतिबाचा डोंगर. लेकीला तिथं दिली, ती काय उगीच? पण लेक दरवर्षी म्हणायची, आम्हीच येतो. मग कसं विचारायचं?

रुजाय आईकडं बघतच राहिली.

संध्याकाळी सासूबाईंनी पदर खोचला आणि चंद्रीसमोर बसून तेच अंगाईगीत म्हटलं. ते त्यांनाही येतच होतं. चंद्रीनं एका ओळीतच दूध सोडलं. जोतीरामनं त्यांना वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून इनासच्या हातात दिली. "घर रितें आसा. वचात दोगांय."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या ट्रॅक्समधून इनास आणि रुजाय गोव्याला गेली. घर शांत. समोर समुद्र. ओसरीवर पाय पसरून इनास बसला आणि काहीही केलं नाही. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडं कोल्हापूरहून सासूबाईंचा फोन आला. त्या पन्हाळा बघून आल्या होत्या, धोंडुबाईंनी तांबडा रस्सा केला होता, आणि चंद्री मजेत होती.

"दूध किती देती?" इनासनं सहज विचारलं.

"जोतीराम म्हणटा, तुजेपरस दोन लिटर चड."

आपल्यापेक्षा दोन लिटर जास्त! इनास ओसरीवर परत आला. बराच वेळ समुद्राकडं बघत राहिला.

"काय झालं?" रुजायनं विचारलं.

"काय न्हाय." त्यानं पाय पसरले, पुन्हा जवळ घेतले. मग म्हणाला, "मांयचा सूर जरा वरचा लागतो. तुझ्या ध्यानात आलंय कधी?"

"नाही बा."

"वरचाच लागतो. आता देतीय म्हस, पण जनावराची सवय बिघडती गं. ताल पण जरा पळतोच त्यांचा."

रुजायनं नेवरीचा तुकडा मोडला आणि पाय आणखी लांब पसरले. "सकाळी कोल्हापूरची गाडी आहे," ती म्हणाली. "तुम्ही जावा. मी बसते हितंच."

इनासनं दोनदा नको नको म्हटलं, आणि मग बॅग भरायला आत गेला. आत जाताना तो गळा साफ करत होता.