सगुणाचे पोहे आणि खासगी वीज

विजेचं खासगीकरण करायला सरकारला लागायची तेवढी वर्षं लागोत. मी ते डोंबिवलीत, सत्त्याण्णव साली, एका शुक्रवारात करून मोकळा झालो!

झालं काय, माझ्या धाकट्या बहिणीला, सगुणाला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा मानपाड्याच्या कारखान्यात. त्याला सुट्टी शुक्रवारी. का? तर शुक्रवारी लाइट नसते म्हणून! म्हणजे आमच्याकडेही अंधारच. आधीची दोन स्थळं हातची गेलेली. हे तिसरं जाऊ द्यायचं नव्हतं.

"पोरीला काय अंधारात दाखवायचं?" मी गरजलो. "आपली वीज आपणच काढू!"

तळमजल्यावरच्या परशुरामकाकांनी, म्हणजे आमच्या रिटायर्ड फिटरनी, रॉकेलवर चालणारा जनरेटर कुठूनसा पैदा केला. मी चाळीतल्या आठही बिऱ्हाडांचं रेशनचं रॉकेल गोळा केलं. "तुम्ही आता कंपनीचे भागीदार!" असं प्रत्येकाला सांगून. आमचाही डबा उपडा केला.

संध्याकाळी सात. पाहुणे टेकले. धडधड धडधड... आणि लख्ख! पंखा फिरला, पडदे हलले. मी खुर्चीत रेललो आणि तरंगायलाच लागलो हो! अख्खी डोंबिवली झगमगतेय, खाडीच्या पाण्यात दिवे हलतायत, कल्याणपर्यंत सगळ्या तारा माझ्याच. घराघरांत पंख्याखाली माणसं शांत पहुडलीयत. काय गोड वाटत होतं म्हणून सांगू!

"अहो!" बायको, नीला, कानाशी ओरडली. त्या धडधडीत कुजबुज कुठली चालायला! "स्टोव्हमध्ये थेंब नाही! पोहे कशावर करू?"

"गॅसवर कर की!"

"नंबर लावून अठरा दिवस झाले!"

"मग शेजारून आण रॉकेल!"

"सगळ्यांचं तुमच्या कंपनीत गेलंय!"

इकडे मुलाचे वडील काहीतरी विचारतायत, सगुणा नुसती मान डोलावतेय. कुणाचं कुणाला ऐकू येईल तर शपथ! पाऊण तास झाला. चहा नाही, पोहे नाहीत. वडिलांनी चपलांकडे बघितलं आणि मी ताडकन उठलो.

"काका, बंद करा! आणि त्यातलं रॉकेल काढा!"

मिट्ट काळोख. नीलाने मेणबत्ती लावली, स्टोव्ह पेटवला. फोडणीचा वास सुटला. त्या शांततेत सगुणा आणि तो मुलगा हळू आवाजात बोलू लागले. मध्येच सगुणा खुदकन हसली. इतकं बरं वाटलं मला! मी आपला कोपऱ्यात बसून कल्याणपर्यंतच्या तारा गुंडाळत होतो.

चार दिवसांनी मुलाचे वडील स्वतः आले.

"मुलगी पसंत आहे. हुंडा नको, मानपान नको. फक्त एक अट आहे."

मी हात जोडले. "सांगा ना!"

"लग्नात लाइटिंगचं तुम्ही बघायचं नाही."