दहा पावलांबाबत

विषय : जिना उतरण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा उजवा गुडघा.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन नऊ आठवडे झाले आणि तेव्हापासून मी तिसऱ्या मजल्यावर स्थानबद्ध आहे. समोरच्या वाचनालयात खिडकीजवळ माझी खुर्ची आहे. तिच्यावर सध्या एक निवृत्त पोस्टमास्तर बसतात, अशी खात्रीलायक बातमी आहे. पण ‘डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर जिन्याचं नाव काढायचं नाही,’ हा बायकोचा हुकूम. आणि आमच्या घरात तिच्या हुकमावर अपील चालत नाही.

इस्पितळ आता गुडघे फोनवर तपासतं. तीन आठवडे थांबल्यावर आमचा नंबर लागला : मंगळवार, अकरा ते अकरा दहा.

हिनं फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. “मी शिंप्याकडे जाऊन आलेच. कशाला हात लावू नका.”

अकराच्या ठोक्याला डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या.

“काका, मला तुमचं पोट दिसतंय. गुडघा दाखवा.”

फोनला हात लावायची बंदी होती, म्हणून पायच खुर्चीवर चढवला. बाईंनी तो वाकवायला लावला, सरळ करायला लावला आणि म्हणाल्या, “छान. आता दहा पावलं चालून दाखवा. नीट चाललात तर आजच जिन्याची परवानगी देते.”

टेबलापासून दारापर्यंत सहाच पावलं होतात. शहाण्या माणसानं पाच जाऊन पाच परत घेतली असती. पण मी चौतीस वर्षं कारकुनी केली आहे. (माझ्याकडे हजेरीपट होता. मिनिटभर उशिरा येणाऱ्यासमोर मी लाल शाईत ‘अनुपस्थित’ लिहीत असे आणि कारण सांगू लागला की ‘लेखी द्या’ म्हणत असे.) दहा म्हणजे सलग दहा. मी दार उघडलं आणि उरलेली चार पावलं बाहेर टाकली. तेवढ्यात वाऱ्यानं आपलं काम केलं. मागे खटका लागला.

आतून आवाज आला, “काका? दिसत नाही तुम्ही.”

“दहा झाली!” मी दाराच्या फटीला तोंड लावून ओरडलो.

“फार लांबून बोलताय. फोनजवळ या.”

“येतो हो, पण दार लागलंय!”

“मग उघडा ना.”

(डॉक्टरांचं हे असं असतं. निदान अचूक, उपाय अशक्य.)

अकरा वाजून चार मिनिटं. किल्ली बायकोकडे, बायको शिंप्याकडे आणि शिंपी रस्त्यावर. मधे अठ्ठेचाळीस पायऱ्या. उतरलो.

मला पाहताच ही ओरडली, “अहो! तुम्ही इथे कसे?”

“पायांनी. किल्ली दे.”

“डॉक्टरांनी परवानगी दिली?”

“त्या द्यायच्या बेतात आहेत, म्हणून तर घाई आहे!”

वर चढताना दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं, की काठी घरातच राहिली आहे. खालून हिचा आवाज आला, “अहो, थांबा, धाप लागली मला!” लग्नानंतर मी प्रथमच तिच्या पुढे होतो.

दार उघडलं तेव्हा अकरा वाजून अकरा मिनिटं झाली होती. पडद्यावर बाई नव्हत्या, अक्षरं होती : ‘रुग्ण अनुपस्थित. तपासणी अपूर्ण. पुढील भेटीपर्यंत जिना वापरू नये.’

अक्षरं लाल होती.

“तू पाहिलंस ना मला चढताना? तूच सांग!”

“मी काय हाडांची डॉक्टर आहे?” ही पदरानं वारा घेत म्हणाली. “लिहिलंय ते वाचा आणि बसा.”

इस्पितळाला फोन लावला. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “हजेरीतली दुरुस्ती फोनवर होत नाही. तुम्हाला स्वतः काउंटरवर यावं लागेल.”

“पण मला जिना उतरायला बंदी आहे.”

“मग आधी बंदी उठवण्यासाठी लेखी द्या.”

पोस्टमास्तरांनी खुर्चीवर घरून उशी आणून ठेवल्याचे समजते. मी लेखी दिले आहे. अर्ज प्रलंबित आहे.