काळूराम मांडववाल्याची गोड जीभ

"आजपासून काळूरामची जीभ बंद! आता बोलणार तो मोबाइल!"

काळूराम मांडववाल्याने भर दुकानात ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला दोनच माणसं होती. एक त्याची बायको देवकी आणि दुसरा वाशिंदहून आलेला भाचा साईनाथ. देवकी खुर्च्या पुसत होती. ती न वळताच म्हणाली, "देव करो आणि तसं होवो."

किन्हवलीच्या अलीकडे, मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर काळूरामचं दुकान आहे. मांडव, खुर्च्या, भांडी, सगळं भाड्यानं. भांडी तर अशी, की पंचक्रोशीत जोड नाय. मोठ्या टोपात बोकड उभाच्या उभा शिजेल आणि शिजताना त्याला अंग वळवायलाही जागा राहील. खोट होती ती मालकाच्या जिभेत. कुणी टोप उशिरा आणला, झाऱ्याला पोचा पाडला, की काळूरामचा पट्टा सुटायचा. तो एकदा ओरडायला लागला की माळशेजची माकडं झाडं बदलायची, असं लोक सांगतात. मला ते खरं वाटतं, कारण त्या दिवसांत घाटात माकडं फार इकडून तिकडं करायची.

आता या माणसाला गोड बोलायचं खूळ का लागलं? तर महिपतमुळे.

महिपतच्या मुलीची हळद होती. आमच्या भागात लग्नाला नाय गेलं तर एक वेळ खपतं, पण हळदीला नाय गेलं तर नातवंडांपर्यंत अबोला चालतो. त्यात महिपतची हळद म्हणजे अर्धा तालुका जेवायला. त्याच्या घरचा मांडव ज्याचा, त्याचा सगळा सीझन. आजवर तो मान शहापूरच्या कुंडलिक मांडववाल्याकडे होता. या खेपेला महिपत स्वतः काळूरामच्या दारात आला.

"काळूराम, भांडी तुझीच चांगली. पण तुझं तोंड! गेल्या शिमग्याला एका पळीपायी माझ्या मेव्हण्याला तू काय काय बोललास? त्याला अजून पळी दिसली की घाम फुटतो. माझे व्याही कल्याणचे, शिकलेले लोक. मांडवात एक वाकडा शब्द चालायचा नाय. आधी गोड बोलून दाखव, मग सुपारी तुझी."

काळूरामने प्रयत्न केला, नाय असं नाय. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाकडे बघून तो हसला. गिऱ्हाईक टोप तिथेच टाकून मागल्या मागे गेलं.

म्हणून मग साईनाथ. तो वाशिंदच्या एका कारखान्यात ऑफिसात कामाला. साहेबाची सगळी पत्रं तो एआयकडून लिहून घ्यायचा आणि पगार मात्र स्वतः घ्यायचा. त्याने मामाच्या मोबाइलवर ते चालू करून दिलं.

"मामा, याला काय पाहिजे ते सांगायचं. जेवढं नीट सांगाल तेवढं नीट करतो. याला प्रॉम्प्ट म्हणतात."

"म्हणजे गड्याला काम सांगतो तसं?"

"तसंच. फक्त शिव्या नाय द्यायच्या."

"मग त्याला कळणार कसं, काम सांगतोय ते?"

पण यंत्र कामाचं निघालं. काळूरामने सांगितलं, "खुर्च्यांच्या भाड्याचा बोर्ड लिही." त्याने लिहिला. "एकाला सांग, पाऊस आला तर ताडपत्रीचं भाडं वेगळं." त्याने असं सांगितलं, की गिऱ्हाइकाने उलट आभार मानले! काळूराम हरखला. साईनाथ वाशिंदला परत गेला आणि काळूराम एकटाच मोबाइल घेऊन पडवीत बसला. घोटाळा इथून सुरू झाला.

त्याने मोबाइल ओठांशी धरून सांगितलं, "हे बघ. माझ्या सगळ्या लोकांना एक मेसेज लिही. आजपर्यंत मी ज्याला ज्याला वाकडं बोललो, त्या सगळ्यांची माफी माग. माझे टोप, कढया लोकांकडे अडकल्यात, त्या परत द्या म्हणून सांग, पण तोडून नको, गोडीत. एवढं गोड लिही, की वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे."

यंत्राने डोळ्याची पापणी लवायच्या आत लिहिलं:

"सप्रेम नमस्कार. आज मागे वळून पाहताना मन भरून येते. माझ्या कठोर शब्दांनी आपले मन दुखावले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. आपल्याकडे माझी काही वस्तू राहिली असल्यास सवडीने परत करावी, पण तिचे ओझे मनावर ठेवू नये. आपल्यासारखी माणसे लाभली, हीच माझी खरी कमाई. लोभ होताच, तो असाच राहू द्यावा. आपला नम्र, काळूराम."

वाचता वाचता काळूरामच्याच डोळ्यात पाणी आलं. त्याने तो मेसेज मोबाइलमधल्या झाडून सगळ्यांना धाडला आणि निवांत झोपला.

आता एक गोष्ट त्या यंत्राला ठाऊक नव्हती, आणि काळूरामच्या डोक्यातून गेली होती. काळूरामचा बापूसही असाच तोंडाचा फाटका. जन्मभर त्याने गावाला शिव्या घातल्या. एका सकाळी उठला, घरोघर फिरला, हात जोडून सगळ्यांची माफी मागितली, आणि पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत गेलासुद्धा! तेव्हापासून गावात पक्कं आहे, की या घराण्यातला माणूस गोड झाला, की लाकडं फोडायला घ्यावी.

सकाळी काळूराम दुकान उघडतो तर दारात जिवलीकाकी. पाठीशी सुनेच्या डोक्यावर कढई. ही कढई काकीच्या थोरल्या नातवाच्या बारशाला गेली होती. नातू आता शाळेत जातो. कढई चिंचेने घासून अशी लख्ख केलेली, की काळूरामला तिच्यात स्वतःच्या मिशा दिसल्या.

"घे रे बाबा तुझी कढई. तुझं काय ठेवून घ्यायला नको आमाला."

"अहो काकी, घाई काय होती?"

जिवलीकाकीने पदर डोळ्याला लावला. काळूराम तिला "घाई काय होती" म्हणाला होता! ज्याने याच कढईसाठी तिला भर बाजारात म्हातारी घोरपड म्हटलं होतं, तो!

"तांदळाची पेज आणलीय. मऊ आहे. दोन घोट घे."

"बरं," म्हणाला काळूराम. गोड बोलायचं ठरलंय म्हटल्यावर नाय कसं म्हणणार?

मग रांगच लागली. टोप आले, झारे आले, पातेली आली. एकाने तर काळूरामची नसलेली परातसुद्धा आणली. म्हणाला, "असू दे, मनाला रुखरुख नको." सगळे हळू बोलत होते. कुणी आजाराचं नाव काढत नव्हतं, कारण जाणाऱ्याला तोंडावर कोण विचारतं? नुसतं इकडचं तिकडचं.

"भाचा येऊन गेला ना रे?"

"हो, चार दिवस राहून गेला."

"चांगलं केलंन. भेट झाली."

काळूरामने रात्री साईनाथला फोन केला. "पोरा, तुझ्या एआयने कमाल केली! जन्मात परत आली नसती ती भांडी पायानं चालत आली!"

इकडे देवकीचं वागणं बिघडलं होतं. ताटात मिरची दिसेना. सुक्या बोंबलाऐवजी दुधीची पातळ भाजी. काळूरामची तंबाखूची डबी गायब. शेवटी त्याने विचारलंच, "गो, झालंय काय तुला?"

देवकीने मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्यावर तोच मेसेज. झाडून सगळ्यांत बायकोही आली होती!

"एवढी वर्षं संसार केला," ती हुंदके देत म्हणाली, "कधी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ताट फेकलंत, कधी माहेरी गेले म्हणून गाव डोक्यावर घेतलंत. माफी म्हणून कधी मागितली नायत. आणि आता एकदम 'आपला नम्र'! अवो, डॉक्टरने काय सांगितलंय ते मला तरी सांगा!"

काळूरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कढई, पेज, परात, रुखरुख. सगळा गाव त्याला पोचवायला निघाला होता!

"गो बाय, मला काय धाड भरलीय! मी ठणठणीत आहे!"

"तुमचा बापूसपण हेच म्हणायचा," देवकी म्हणाली आणि आणखी मोठ्याने रडायला लागली.

काळूरामने घाईघाईने महिपतला फोन लावला. गाव काहीही म्हणो, सुपारी हातची जायला नको.

"महिपतभाऊ, नमस्कार. मी काळूराम बोलतोय. तुमच्या हळदीच्या मांडवाचं ठरवायचं होतं."

पलीकडून महिपतचा आवाज आला, एकदम ओला. "काळूराम, तुमी कशाला त्रास घेता? तुमी आराम करा."

काळूरामने नंबर बरोबर लागलाय का ते बघितलं. महिपत त्याला 'तुमी' म्हणाला होता! हयातभर महिपतने त्याला अरेतुरेच केलेलं.

"भाऊ, मला काय पण झालेलं नाय. तुमच्या कृपेने बरा आहे."

"बघा, किती गोड बोलताय," महिपतने नाक ओढलं. "मांडवाचं मी कुंडलिकला सांगितलंय. शुभकार्य आहे, अर्ध्यात काय झालं तर पोरीच्या मनाला लागेल. उद्या आमी दोघं तुमाला बघायला येतो."

आता बघा पेच. गोड बोलावं, तर माणूस मरायला टेकलाय म्हणून सुपारी जाते. ओरडावं, तर तोंडाचा फाटका म्हणून सुपारी जाते!

काळूरामने पुन्हा मोबाइल ओठांशी धरला. "लोकांना कळव, मी मरत नाय. काळजी करू नका म्हणावं. पण गोड लिही हां, महिपत वाचणार आहे."

यंत्राने लिहिलं, "माझ्या प्रकृतीविषयी कृपया चिंता करू नये. मन शांत आहे. जे होईल ते आनंदाने स्वीकारण्याची माझी तयारी आहे."

तो मेसेज गेल्यावर गावातली दोन माणसं खरोखरच लाकडं बघायला गेली.

दुसऱ्या दिवशी महिपत आणि कुंडलिक आले. कुंडलिकच्या हातात नारळाचं पाणी आणि डोळ्यात हिशोब. ओटीवर अर्धा गाव जमलेला. देवकीने काळूरामला गोधडी पांघरून बसवलं होतं. तो "मी बरा आहे, या बसा, चहा घ्या" म्हणाला, की बायका तोंडाला पदर लावायच्या. बिचारा घामाघूम झाला. घाम बघून जिवलीकाकी म्हणाली, "घाम सुटला गो! आता काय खरं नाय."

कुंडलिकने घसा खाकरला. "काळूराम, तू काळजी करू नको. देवकीवैनीला एवढा पसारा एकटीला कसा झेपणार? मी सगळी भांडी घेतो. मोडीच्या भावात का होईना, पण घेतो."

काळूरामने दात आवळून हात जोडले. "आपला मी आभारी आहे."

कुंडलिक उठला. कोपऱ्यात काळूरामचा सगळ्यांत मोठा टोप पालथा घातला होता. त्याने बोटाच्या पेराने टोपाच्या बुडावर टकटक केलं, कान लावला आणि महिपतकडे बघून नाक मुरडलं.

"पातळ झालाय हो. हळदीचं मटण यात करपलं असतं."

गोधडी उडाली. ती सरळ जिवलीकाकीच्या डोक्यावर जाऊन पडली.

"कुंडल्या! माझ्या टोपाला टकटक करतोस? तुझ्या टाळक्याला कर, आतून पोकळ आवाज येईल, आरतीला घंटा लागायची नाय! माझा टोप पातळ? तुझ्या कार्यातलं वरण पातळ! वऱ्हाडी त्यात बघून भांग पाडतात! तुझ्या मांडवात पाहुणा बसला तर खुर्ची आधी कुरकुरते आणि मग पाहुणा! नारळपाणी आणलंय! आधी त्या नारळाला विचार, कुणाच्या झाडावरून उतरवलास तो! चल ऊठ, हो चालता, नायतर याच टोपात घालून झाकण ठेवतो!"

कुंडलिक टोपाकडे बघत बघत, तो आपल्याला पुरेल का याचा अंदाज घेत, अंगणात उतरला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

गोधडीतून डोकं बाहेर काढत जिवलीकाकी ओरडली, "वाचला! गो देवकी, वाचला तुझा नवरा!"

देवकी हसत होती आणि रडत होती. "देवा, कसं अस्सल ओरडले! किती दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं."

काळूराम मात्र भुईत नजर घालून उभा. महिपतसमोरच पट्टा सुटला होता. संपलं! गेली सुपारी!

महिपत उठला, त्याच्यासमोर आला आणि खिशातून सुपारी काढून त्याच्या हातात ठेवली.

"भाऊ, पण माझं तोंड..."

"राहू दे रे!" महिपत म्हणाला. म्हणजे 'तुमी' गेलं, 'रे' परत आलं. "जो माणूस टोपासाठी मरणातून उठतो, तो माझ्या मांडवाची राखण करील. व्याह्यांना मी सांगतो, आमच्याकडचे मांडववाले असेच असतात. फक्त एक कर. हळदीच्या दिवशी मधूनमधून ओरडत जा. तू गप्प बसलास तर माझी पाव्हणी जेवण सोडून तुझी नाडी बघत बसतील."

काळूराम त्या रात्री मिरचीचा ठेचा खाऊन झोपला.

सकाळी दुकान उघडतो तर दारात पुन्हा रांग! सगळ्यांत पुढे जिवलीकाकी, सुनेसकट.

"काय काकी?"

"कढई दे. न्यायला आलेय."

"कढई? कालपरवाच तर आणून दिलीत!"

"ती तू जातोस म्हणून दिली होती. आता कुठं जात नायस ना? मग काय घाई आहे तुला?" सुनेने कढई डोक्यावर घेतलीसुद्धा. "आणि पेजेची वाटी राहिलीय बघ आमची. ती लवकर दे. तशी ठेवून घ्यायची नाय लोकांची वस्तू."

दुपारपर्यंत दुकान जसं होतं तसं रिकामं झालं. ज्याने दुसऱ्याचीच परात आणली होती, तो परातीबरोबर एक टोपही घेऊन गेला.

काळूरामने धाडकन मोबाइल उघडला. आता नीट, सविस्तर प्रॉम्प्ट द्यायचा! "ऐक. सगळ्यांना मेसेज लिही. हळदीच्या आत भांडी परत नाय आली तर एकेकाची खेटराने पूजा करीन. वाटतील तेवढ्या शिव्या घाल. पातळ नको, दाट घाल."

यंत्राने उत्तर दिलं, "क्षमस्व. अपमानास्पद भाषेत मला मदत करता येणार नाही. त्याऐवजी मी आपल्यासाठी एक नम्र आणि हृदयस्पर्शी संदेश लिहून देऊ का?"

त्यावर काळूराम मोबाइलला जे बोलला, ते छापता येण्यासारखं नाय. पण तो आवाज रस्त्यापलीकडे गेला, गावभर फिरला, आणि संध्याकाळच्या आत तीन टोप आपोआप परत आले. माळशेजच्या माकडांचं मात्र मी अजून विचारलेलं नाय.